ज्वलनातून उठणारी नायट्रोजन ऑक्साइडे आणि सिंगापूरची हवा

सिंगापुरात हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'हेझ' उभा राहतो. सुमात्रा आणि कालिमंतानमधील पीटभूमी व जंगले पेटतात, वाऱ्याबरोबर धूर येतो आणि इमारती दिसेनाशा होतात. २१ जून २०१३ रोजी येथील प्रदूषण निर्देशांक ४०१ या विक्रमी आकड्यावर पोहोचला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये हेझमुळे एक दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हा धूर मात्र पाहुणा असतो. वारा बदलला की तो जातो.

नायट्रोजनची ऑक्साइडे शहरातच जन्मतात आणि बाराही महिने येथेच असतात. वीजकेंद्रांची टर्बाइने, तेलशुद्धीकरणाच्या भट्ट्या, कचरा जाळणारे प्रकल्प, द्रुतगती मार्गांवरची वाहने, बंदरातील जहाजे आणि स्वयंपाकघरातील शेगडी ही त्यांची उगमस्थाने. अभियांत्रिकीच्या व्यवहारात या वायूंना एकत्रितपणे 'नॉक्स' म्हणतात. इंधन कितीही स्वच्छ असले, तरी हवेत ज्योत पेटली की नॉक्स निर्माण होतेच. म्हणूनच कार्बनमुक्त इंधनांकडे निघालेल्या सिंगापुरासाठी हा विषय जुना झालेला नाही. उलट येत्या दशकात तो नव्या रूपात पुढे येणार आहे.

नॉक्स कसे तयार होते

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असल्यामुळे तो एरवी कोणाशी फारसा संयोग पावत नाही. ज्योतीच्या प्रखर उष्णतेत मात्र ऑक्सिजनचे मोकळे अणू हा बंध तोडतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होते. रशियन भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात उलगडलेल्या या प्रक्रियेला 'औष्णिक नॉक्स' म्हणतात. सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या वर तिचा वेग झपाट्याने वाढतो. तापमानातील थोडीशी घटही त्यामुळे मोठा फरक घडवते.

दुसरा मार्ग इंधनातून येतो. कोळशात आणि जड इंधनतेलात नायट्रोजनची संयुगे असतात व ती तुलनेने कमी तापमानालाही ऑक्साइडांत बदलतात. नैसर्गिक वायूत अशी संयुगे जवळजवळ नसतात. तिसरा मार्ग १९७१ साली फेनिमोर या संशोधकाने दाखवून दिला. ज्योतीच्या अग्रभागी हायड्रोकार्बनचे तुकडे हवेतील नायट्रोजनशी थेट भिडतात आणि 'तत्काळ नॉक्स' निर्माण होते. त्याचा वाटा बहुधा लहान असतो. नियंत्रणाचे उपाय निवडताना यांपैकी कोणत्या मार्गाने नॉक्स येते आहे, हा पहिला प्रश्न असतो.

धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या नॉक्समध्ये बहुतांश नायट्रिक ऑक्साइड असते. बाहेरच्या हवेतील ओझोनशी संयोग होऊन त्याचे नायट्रोजन डायऑक्साइड बनते. हा तांबूस-तपकिरी, दाहक वायू श्वासनलिकेला सूज आणतो, दमा बळावतो आणि श्वसनाच्या संसर्गाची शक्यता वाढवतो. सूर्यप्रकाशात त्याचे विघटन होते आणि सेंद्रिय बाष्पांच्या सान्निध्यात त्यातून ओझोन तयार होतो. विषुववृत्तालगतच्या आणि तेलशुद्धीकरणाचे मोठे केंद्र असलेल्या सिंगापुरात प्रखर ऊन व सेंद्रिय बाष्पे या दोन्ही गोष्टी आहेत. शेवटी नॉक्सचे रूपांतर नायट्रिक आम्लात आणि नायट्रेटच्या सूक्ष्म कणांत होते; म्हणजे पीएम २.५ या कणप्रदूषणातही त्याचा वाटा असतो.

मानके आणि मोजमाप

सिंगापूरने २०२० सालासाठी ठरवलेल्या लक्ष्यांत नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि तासाची सरासरी २०० मायक्रोग्रॅम या मर्यादा होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या मार्गदर्शक मूल्यांशी त्या जुळणाऱ्या होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये संघटनेने वार्षिक मूल्य ४० वरून थेट १० वर आणले आणि २४ तासांसाठी २५ हे नवे मूल्य दिले. सिंगापूरची वार्षिक सरासरी साधारणपणे विशीच्या घरात राहिली आहे. जुन्या कसोटीवर ती सहज उत्तीर्ण होत होती. नव्या कसोटीवर ती दुप्पट किंवा त्याहून अधिक ठरते. हवा बिघडली नाही, परंतु वैद्यकीय पुराव्याने कसोटी कठोर केली. भारताच्या २००९ सालच्या राष्ट्रीय मानकांत वार्षिक मर्यादा आजही ४० आहे, तर युरोपीय संघाने २०३० पासून २० ही मर्यादा स्वीकारली आहे.

येथील रोजच्या निर्देशांकाचीही एक मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. 'पीएसआय' सहा प्रदूषकांवरून काढला जातो आणि त्यांत नायट्रोजन डायऑक्साइडचे नाव आहे. परंतु या वायूचा उपनिर्देशांक तासाची सरासरी १,१३० मायक्रोग्रॅमला पोहोचल्यावरच, म्हणजे २०० या अंकापासून, मोजला जातो. त्याखाली त्याला अंकच दिलेला नाही. रोजच्या व्यवहारात एवढी पातळी येत नसल्यामुळे पीएसआयचा आकडा जवळजवळ कधीच या वायूमुळे ठरत नाही. तो बहुतेक वेळा सूक्ष्म कणांवरून ठरतो. राष्ट्रीय पर्यावरण संस्था नायट्रोजन डायऑक्साइडची तासाची पातळी पाच विभागांनुसार स्वतंत्रपणे जाहीर करते. ज्यांच्या घरी दम्याचा रुग्ण आहे किंवा ज्यांची खिडकी द्रुतगती मार्गावर उघडते, त्यांनी हा वेगळा आकडा पाहणे श्रेयस्कर. विभागाची सरासरी रस्त्याकडेच्या पातळीपेक्षा कमी असू शकते, हेही लक्षात ठेवावे.

कायदा, जमीन आणि इंधन

सिंगापूरने प्रदूषणनियंत्रणाची घडी औद्योगिकीकरणाच्या आरंभीच बसवली. १९७० साली पंतप्रधान कार्यालयाच्या थेट अखत्यारीत प्रदूषणविरोधी पथक स्थापन झाले. १९७१ चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले पर्यावरण मंत्रालय या पुढच्या पायऱ्या. १९९९ साली विखुरलेले कायदे एकत्र करण्यात आले. २००८ पासून हा कायदा पर्यावरण संरक्षण व व्यवस्थापन कायदा म्हणून ओळखला जातो. २००२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय पर्यावरण संस्था त्याची अंमलबजावणी करते.

या व्यवस्थेत जमिनीच्या वापराला मोठे स्थान आहे. अवजड आणि प्रदूषणकारी उद्योग पश्चिमेला जुरोंग-तुआस पट्ट्यात व जुरोंग बेटावर एकवटण्यात आले. सात लहान बेटे भराव टाकून जोडल्यावर ऑक्टोबर २००० मध्ये हे बेट औपचारिकरीत्या खुले झाले. येथील शुद्धीकरण, रसायन आणि ऊर्जा कंपन्यांत अनेक मराठी अभियंते काम करतात. नॉक्सची परवाना-मर्यादा आणि धुराड्यावरील मोजमाप त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो.

सर्वांत मोठा बदल इंधनाने घडवला. २००० साली सिंगापूरच्या विजेपैकी सुमारे १९ टक्केच नैसर्गिक वायूवर बनत होती. उरलेली मुख्यतः जड तेलावर. २००१ पासून इंडोनेशियाच्या पश्चिम नातुना क्षेत्रातून, त्यानंतर सुमात्रातून समुद्राखालील वाहिन्यांनी वायू येऊ लागला. २०१३ मध्ये जुरोंग बेटावर द्रवीभूत वायूचे टर्मिनल सुरू झाले. आज सुमारे ९५ टक्के वीज वायूवर बनते. या स्थित्यंतरामागे किंमत, ऊर्जासुरक्षा आणि हवामान अशी अनेक कारणे होती, पण इंधनातील नायट्रोजन आणि गंधक या दोहोंचा प्रश्न त्यामुळे मुळातच हलका झाला. उरले ते औष्णिक नॉक्स.

ज्योत थंड ठेवण्याची कला

औष्णिक नॉक्स रोखण्याचे तत्त्व सोपे आहे: ज्योतीचे कमाल तापमान उतरवा, किंवा सर्वांत तप्त जागी ऑक्सिजन कमी पोहोचू द्या. बॉयलरमध्ये ज्वलनाची हवा टप्प्याटप्प्याने सोडतात, थंड झालेला धूरवायू थोडा परत ज्योतीत मिसळतात आणि इंधन व हवा यांची भेट लांबवणारे खास बर्नर बसवतात. वायू टर्बाइनमध्ये पूर्वी पाण्याचा वा वाफेचा फवारा मारत. आधुनिक टर्बाइनमध्ये इंधन ज्योतीपूर्वीच भरपूर हवेत एकजीव करतात. मिश्रण पातळ असल्याने तप्त ठिपके राहत नाहीत आणि १५ टक्के ऑक्सिजनच्या संदर्भमानावर नॉक्स २५ पीपीएम किंवा त्याखाली ठेवता येते.

येथे अभियंत्यापुढे खरा पेच उभा राहतो. टर्बाइनची कार्यक्षमता वाढवायची तर आतील तापमान वाढवावे लागते. तापमान वाढवले की नॉक्स वाढते. ज्योत फार पातळ केली तर ती थरथरते, विझते, कार्बन मोनॉक्साइड वाढते. कमी इंधनात जास्त वीज आणि कमी नॉक्स ही दोन उद्दिष्टे बर्नरच्या रचनेतच एकमेकांशी झगडत असतात.

जुरोंग बेटावरील तेंबुसू प्रकल्पात कोळसा व जैवभार जाळला जातो. येथील वायूप्रधान व्यवस्थेतील हा लहानसा अपवाद. तेथील बॉयलरमध्ये इंधन वाळूसारख्या कणांच्या खळखळत्या थरात जळते. अशा बॉयलरचे तापमान साधारण ८५० अंशांच्या आसपास राहत असल्यामुळे औष्णिक नॉक्स फारसे तयार होत नाही.

ज्वलन सुधारूनही भागले नाही तर धूरवायू धुवावा लागतो. पहिल्या पद्धतीत भट्टीच्या ८५० ते १,१०० अंशांच्या पट्ट्यात अमोनिया किंवा युरियाचा फवारा मारतात. त्यामुळे नॉक्सचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये व पाण्यात रूपांतर होते. खर्च कमी, पण घट साधारण ३० ते ६० टक्केच; शिवाय तापमानाचा पट्टा चुकला तर अमोनिया तसाच निसटतो किंवा त्याचेच नॉक्स होते. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे 'एससीआर'मध्ये, ३०० ते ४०० अंशांना हीच क्रिया उत्प्रेरकावर घडवतात. टायटॅनियम, व्हॅनेडियम आणि टंगस्टनच्या ऑक्साइडांपासून बनलेल्या उत्प्रेरकाने ८० ते ९० टक्के घट साधते. जपानने १९७०च्या दशकात ती प्रथम व्यापारी प्रमाणावर वापरली. उत्प्रेरक महाग असतो, धुळीने झिजतो आणि गंधकाच्या ऑक्साइडांशी अमोनियाची गाठ पडली तर चिकट क्षार तयार होऊन पुढची उपकरणे तुंबतात.

रस्त्यावर: आधी इंधन, मग इंजिन

पेट्रोल मोटारीतील त्रिमार्गी उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नॉक्स यांना एकाच वेळी निकालात काढतो. अट एवढीच की हवा आणि इंधनाचे प्रमाण काटेकोर राखले पाहिजे. डिझेल इंजिन जादा हवेवर चालत असल्याने तेथे ही युक्ती लागू पडत नाही. म्हणून एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात फिरवणे आणि ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वापरणारी एससीआर यांचा आधार घ्यावा लागतो.

उत्प्रेरकाला गंधक मानवत नाही. त्यामुळे सिंगापूरने क्रम असा ठेवला की आधी इंधन स्वच्छ व्हावे आणि मग इंजिनाचे मानक वाढावे. जुलै २०१३ पासून डिझेलमधील गंधक १० पीपीएमवर आणले आणि जानेवारी २०१४ पासून नव्या डिझेल वाहनांना युरो-५ बंधनकारक केले. पेट्रोल वाहनांना सप्टेंबर २०१७ पासून, तर डिझेल वाहनांना जानेवारी २०१८ पासून युरो-६ लागू झाले. डिझेल मोटारीची नॉक्स-मर्यादा युरो-५ मध्ये किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅम होती, ती युरो-६ मध्ये ८० झाली. बांधकामावरील यंत्रे व जनित्रे यांच्या नव्या डिझेल इंजिनांना २०१२ पासूनच वेगळी मानके आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या वाहन-उत्सर्जन योजनेने नॉक्सला थेट पैशांत आणले. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड, नॉक्स आणि सूक्ष्म कण या पाचही निकषांवर मोटार तपासली जाते आणि ज्या निकषावर ती सर्वांत वाईट ठरते, त्यावरून सवलत किंवा अधिभार ठरतो. मायलेज चांगले म्हणून डिझेल मोटारीला मिळणारे झुकते माप या नियमाने संपले. डिझेलवर फेब्रुवारी २०१७ मध्ये लिटरमागे १० सेंट शुल्क लागले, ते फेब्रुवारी २०१९ मध्ये २० सेंट झाले. १ जानेवारी २०२५ पासून नव्या डिझेल मोटारी व टॅक्सींची नोंदणी बंद झाली आहे. २०२४ मध्ये नोंदणी झालेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेवर चालणाऱ्या होत्या.

कागदावरचे मानक आणि रस्त्यावरचे वास्तव यांतील अंतर सप्टेंबर २०१५ मध्ये जगासमोर आले. फोक्सवॅगनच्या काही डिझेल मोटारी चाचणी ओळखून तेवढ्यापुरते नॉक्स कमी ठेवत आणि एरवी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत, असे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले. भारतात पुण्याच्या 'एआरएआय'ने प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील मोजमापे ताडून पाहिली. त्यांत तफावत आढळल्यानंतर कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी सुधारणेसाठी परत बोलावल्या. नियंत्रणाची यंत्रणा बसवली आहे याचा अर्थ ती चालू आहे असा होत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

समुद्रावर: असलेली यंत्रणा बंद

हाच धडा समुद्रावरही लागू पडतो. जहाजांना इंधन पुरवणारे सिंगापूर हे जगातील सर्वांत मोठे बंदर. येथे वर्षाला ५ कोटी टनांहून अधिक इंधन भरले जाते. मार्पोल कराराच्या सहाव्या परिशिष्टात जहाजांच्या इंजिनांसाठी नॉक्सच्या तीन श्रेणी आहेत. मंदगती इंजिनांसाठी २००० पासूनच्या पहिल्या श्रेणीत किलोवॅट-तासामागे १७ ग्रॅम, २०११ पासूनच्या दुसरीत १४.४ ग्रॅम आणि तिसरीत केवळ ३.४ ग्रॅम. परंतु तिसरी श्रेणी फक्त घोषित नियंत्रण क्षेत्रांत पाळावी लागते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत ती २०१६ पासून, तर बाल्टिक व उत्तर समुद्रात २०२१ पासून नव्या जहाजांना लागू आहे. मलाक्का आणि सिंगापूरची सामुद्रधुनी अशा क्षेत्रांत नाही. परिणामी ज्या जहाजावर एससीआर बसवलेली आहे, त्यानेही येथून जाताना ती बंद ठेवण्यास नियमांची आडकाठी नाही. बंदरातील छोट्या नौकांबाबत मात्र सिंगापूरने स्वतःच्या अधिकारात पाऊल उचलले आहे. २०३० पासून नवी नौका पूर्णपणे विजेवर, शंभर टक्के जैवइंधनावर किंवा शून्य-कार्बन इंधनाशी जुळणारी असावी लागेल. मात्र जैवइंधनही जळतेच, आणि त्यातूनही नॉक्स निघते.

महाराष्ट्राशी तुलना

सिंगापूरचे यश जसेच्या तसे महाराष्ट्रात नेता येत नाही, याचे मुख्य कारण कोळसा. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी ही सारी कोळशावर चालतात. भारत सरकारने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी प्रथमच नॉक्सच्या मर्यादा ठरवल्या: जुन्या संचांसाठी घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधील संचांसाठी ३०० आणि त्यानंतरच्या संचांसाठी १००. ऑक्टोबर २०२० मध्ये मधल्या गटाची मर्यादा शिथिल करून ४५० करण्यात आली. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते. ही राख एससीआरच्या उत्प्रेरकाला घासते व त्याची छिद्रे बुजवते. त्यामुळे तेथे पहिला भर ज्वलनातील सुधारणांवर आहे. रस्त्यावर मात्र १ एप्रिल २०२० रोजी बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर घेतलेली उडी मोठी होती, आणि १० पीपीएम गंधकाचे इंधनही त्याच वेळी देशभर उपलब्ध झाले.

कार्बन गेला, नायट्रोजन उरला

ऑक्टोबर २०२२ मध्ये सिंगापूरने राष्ट्रीय हायड्रोजन धोरण जाहीर केले. नव्या वायू वीजसंचांनी आकारमानाने किमान ३० टक्के हायड्रोजन जाळण्यास सक्षम असावे, अशी अट आता आहे. जुरोंग बेटावरील ६०० मेगावॉटचा केपेल साक्रा हा अशा पिढीतील पहिला प्रकल्प. त्याच बेटावर अमोनियापासून वीज बनवण्याचा आणि तो जहाजांना पुरवण्याचा प्रकल्पही आखला जात आहे.

या इंधनांत कार्बन नाही, पण हायड्रोजनची ज्योत मिथेनपेक्षा अधिक तप्त असते आणि अनेक पटींनी वेगाने पसरते. पातळ मिश्रणाच्या बर्नरमध्ये ती उलटी मागे सरकण्याचा धोका असतो. म्हणून आजचे बर्नर हायड्रोजनचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे पेलू शकत नाहीत. अमोनियाच्या तर रेणूतच नायट्रोजन आहे. तो निष्काळजीपणे जाळला तर नॉक्स वाढते आणि नायट्रस ऑक्साइडही निघू शकते. या वायूची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. टप्प्याटप्प्याचे ज्वलन आणि शेवटी एससीआर यांनी हे आवरता येते. त्यासाठी परवान्यातील कार्बनच्या आकड्याशेजारी नॉक्स, निसटता अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइड हे तीनही आकडे पहिल्या दिवसापासून असायला हवेत.

घरातील शेगडीलाही हेच शास्त्र लागू आहे. गॅसची निळी ज्योत धूर सोडत नाही, तरी नायट्रोजन डायऑक्साइड सोडते. बंद खिडक्यांच्या वातानुकूलित सदनिकेत तासभर पोळ्या-भाकरी चालू असतील तर बाहेर हवा फेकणारा पंखा लावणे किंवा स्वयंपाकघराची खिडकी उघडणे हा सोपा उपाय आहे. बाहेरचे नॉक्स मात्र एकट्या घराच्या हाती नसते. ते वीजकेंद्राच्या बर्नरवर, रस्त्यावरील मोटारींवर आणि सामुद्रधुनीतील जहाजांच्या नियमांवर ठरते. वार्षिक सरासरी विशीच्या घरात राखणे सिंगापूरने इंधन आणि मानकांच्या बळावर साधले. विशीपासून १० पर्यंतचा पल्ला ज्वलनच कमी केल्याशिवाय आणि जे ज्वलन उरेल ते मोजल्याशिवाय गाठता येणार नाही.